पाचऐवजी आठ

सिंगापुरात, बुकित पंजांगच्या बहुमजली कारपार्कात, तिसऱ्या लेव्हलवर, कोपऱ्यातल्या खांबाला लागून एक काळी, गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांची मोटार उभी असते. त्या गुरुवारी दुपारी तिच्याखाली आठ स्टीलच्या वाट्या मांडलेल्या होत्या. चार पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, चार मागच्या स्प्रिंगांच्या टोकांखाली. मोटार निशिकांतकाकांची. वाट्या नंदाकाकूंच्या. आणि वैताग गार्गीचा, अगदी स्वतःचा, कोणाकडून उसना न आणलेला.

ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली, क्लचच्या डावीकडे लपलेलं ते छोटं, टोपीच्या बटणासारखं पेडल तिने टाचेने दाबलं आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावली. मग खाली उतरून, पीटीच्या टी-शर्टची पर्वा न करता, सरळ गाडीखाली शिरली.

मागच्या वाट्या : बारा थेंब, अकरा, बारा, बारा.

पुढच्या वाट्या : सहा, पाच, सहा, सहा.

"अशक्य आहे हे," गार्गी गाडीच्या पोटाला म्हणाली. गाडीच्या पोटाने तिच्या कपाळावर तेरावा थेंब टाकला.

आता ही काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाहीतर गार्गी इतकी का चिडली होती ते कळायचं नाही. मोटार एकोणीसशे चौतीसची. मलेशियात, इपोहजवळच्या एका मळेवाल्याच्या गोदामात ती कोंबड्यांखाली पडून होती. निशिकांतकाका हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातून रिटायर झाले आणि इतर लोक जसे योगासनांकडे वळतात तसे ते हिच्याकडे वळले. त्या काळच्या मोटारींचं एक दुखणं असायचं. चाकं वळतात तिथला खिळा, स्प्रिंगा लटकतात तिथल्या कड्या, असे सगळे सांधे सारखे कोरडे पडायचे, आणि मालकाला दर दोन-तीनशे मैलांनी कोट काढून गाडीखाली आडवं व्हावं लागायचं, हातात ग्रीसची पिचकारी घेऊन. मग कोणा इंजिनियरच्या डोक्यात आलं की मालकाने बसल्या जागेवरून एकदा पाय दाबावा आणि सगळ्या सांध्यांना आपोआप तेल मिळावं. इंजिनच्या मागे एक तेलाची टाकी, टाकीत दट्ट्या, तिथून निघालेल्या बोरूसारख्या बारीक नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला, सांध्यापाशी, पितळेचा ड्रिप प्लग. या प्लगला निशिकांतकाकांचे कोल्हापूरचे शाळासोबती पद्माकर 'थेंबी' म्हणायचे, म्हणून सगळेच थेंबी म्हणायला लागले होते.

सगळी अक्कल त्या थेंबीत. तेल आळशी असतं. त्याला मोकळं सोडलं तर ते जवळच्या नळीतून वाहून जाईल आणि लांबच्या सांध्याला ठणठणाट. म्हणून प्रत्येक थेंबीच्या आत एक पिन बसवलेली, आणि पिन आणि भोक यांच्यामध्ये केसाएवढी फट. दार इतकं अरुंद की जवळून आलेलं तेल काय, लांबून आलेलं काय, दोघांनाही तितकंच ताटकळायला लागतं. ज्या सांध्याला जास्त तेल हवं त्याला जास्त फटीची थेंबी. नंबर एकाने वाढला की तेल दुप्पट. गार्गीने हे सगळं शाळेत पूर्ण वर्गासमोर वीस मिनिटं उभं राहून सांगितलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'येस' म्हणताना जिचा आवाज बसायचा तीच ही गार्गी. तेव्हापासून तिला कोणी काही विचारलं की वीस मिनिटं लागायचीच.

"झाली का मोजणी?" नंदाकाकू बाजाराची ट्रॉली ओढत रॅम्पवरून आल्या. काकांचं घर शेजारच्याच ब्लॉकमध्ये, आणि गार्गीचं त्यांच्या दोन मजले खाली. "मला चार वाट्या तरी परत दे. रविवारी श्रीखंड करणार आहे. आंब्याचा वास येईल म्हणून केलं आणि ग्रीसचा आला, असं नको."

"ग्रीस नाही काकू, तेल. आणि शनिवारच्या आत हे जमलं नाही तर ग्रीसच येणार आहे."

हे मात्र खरं होतं. शनिवारी सकाळी दहा वाजता मेकॅनिक ओंग अंकल येणार होते. काकांनी त्यांना बोलावलं होतं. ते सगळ्या थेंब्या काढणार, नळ्या कापणार, टाकी उतरवणार आणि प्रत्येक सांध्याला साधी ग्रीसची तोटी बसवणार. गार्गीने सात महिने त्या नळ्या एकेक करून रॉकेलमध्ये बुडवून, सायकलच्या पंपाने फुंकून, वायरने खरवडून मोकळ्या केल्या होत्या. टाकीतला कुजलेला, तेल गाळणारा नमदा बदलला होता. फुटलेले जोड तिने स्वतः बदलले होते. ते सगळं शनिवारी अकरा वाजेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत जाणार होतं.

"पण अडलंय कुठे?" काकूंनी ट्रॉली उभी केली.

"पुढच्या सांध्यांना जास्त तेल पाहिजे, मागच्यांना कमी. येतंय उलटं."

"मग पुढच्या मागे लाव आणि मागच्या पुढे लाव."

गार्गीने डोळे मिटले. मोठ्यांशी नीट बोलायचं, असं तिने नवीन वर्षाला ठरवलं होतं. "काकू, तसं नसतं. पुढे आठ नंबरच्या आहेत, मागे चार नंबरच्या. आठ म्हणजे चारच्या सोळापट. पुढे खरं तर धो-धो वाहायला पाहिजे. तरी येत नाही, म्हणजे पुढच्या नळीत काहीतरी अडकलंय, किंवा हवा शिरतेय. हे प्रेशरचं आहे. थेंब्या बदलून काही होणार नाही."

"बरं बाई," काकू म्हणाल्या. "मला काय कळतंय. मी आपली नुसती पोळ्यांना तेल लावते."

आठ नंबर हे सुद्धा एक स्वतंत्र दुखणं होतं. मूळच्या थेंब्या गंजून गेलेल्या. नव्या कुठे मिळेनात, म्हणून काकांनी कोल्हापूरला पद्माकरना फोन केला. उद्यमनगरात त्यांचं लेथ. गार्गीने त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पाच नंबरच्या चार, पुढच्यासाठी, चार नंबरच्या चार, मागच्यासाठी. दोन आठवड्यांपूर्वी पार्सल आलं. एका पिशवीत आठही थेंब्या, सोन्यासारख्या चकचकीत, षटकोनी डोक्यावर नंबर ठोकलेले. चार थेंब्यांवर 4. आणि उरलेल्या चारांवर 8. पाच नंबरची एकही नाही.

त्यावरून फोनवर जे झालं ते गार्गीला अजून शब्दशः पाठ होतं. फोन साधा, बटणांचा, कारण पद्माकरना स्मार्टफोन म्हणजे लेथवर बोट कापून घ्यायचा नवा मार्ग वाटायचा.

"पाच न्हवं तर काय आठ पाठवलेत मी? डोळं फुटलेत का माझं?" पद्माकर म्हणाले होते.

"पद्माकरकाका, माझ्या हातात आहेत. आठ आहेत."

"पोरी, माझ्या हातानं ठोकलेत. पाच हायेत."

मग निशिकांतकाकांनी फोन घेतला होता. "अरे पद्या, मुलगी वाचून सांगतेय ना. नसतील झाल्या पाचच्या तर तसं सांग, आम्ही आठवर भागवू. उगाच ताणतोस कशाला."

"निश्या, तू सिंगापूरला गेलास म्हणून माझा माप घ्यायचा हात बदलला न्हाई," असं म्हणून पद्माकरनी फोन ठेवला होता. जवळजवळ साठ वर्षांची मैत्री, आणि गेले दहा दिवस दोघांचा फोन नाही. गार्गीला त्यात आपला काही दोष वाटत नव्हता. माणसाने चूक कबूल करावी, इतकंच तिचं म्हणणं होतं.

तेवढ्यात निशिकांतकाका स्वतःच आले, हातात एक कागद. "आली दुसरी चिठ्ठी," ते म्हणाले. "कारपार्कवाल्यांची. लॉट नंबर अमुक, जमिनीवर तेलाचे डाग, तत्काळ साफ करणे. डाग मागे आहेत म्हणतात. मागेच असणार. पुढे पडतंय कुठे तेल."

"काका, शनिवारपर्यंत."

"शनिवारपर्यंतच आहे." काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवून पाहिलं. पुढून, चाकाच्या खिळ्यापाशी, दाढ उपटल्यासारखा आवाज आला. "हे ऐकलंस? कोरडं आहे हे. या गाडीला वर्षाला मोजकेच दिवस रस्त्यावर यायची परवानगी. त्यात रविवारी नेणार आहे. वळणावर खिळा अडकला तर? मला तुझ्या या नळ्या आवडत नाहीत असं नाही. पण मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो तेव्हा ही गाडी घेतली, आता सहासष्टचा झालो. मला एकदा तरी ती चालवायची आहे."

यावर गार्गीकडे वीस मिनिटं होती, पण ती पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरली.

शुक्रवारी शाळेतून एलआरटीच्या छोट्या ट्रेनने आली ती घरी न जाता थेट कारपार्कात. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिने पुढची मुख्य नळी दुसऱ्यांदा सोडवली. आत काही नव्हतं. फुंकली, तर पलीकडून हवा इतकी स्वच्छ आली की तिच्या वहीचं पान उलटलं. तिने नळी परत बसवली. हवा काढली. पेडल दाबलं. पाच मिनिटं.

पुढे सहा, मागे बारा.

तिने पाना जमिनीवर ठेवला. आपटला नाही, ठेवला, पण असा ठेवला की दोन लॉट पलीकडे गाडी धुणाऱ्या अंकलनी मान वर केली. "नॉट वर्किंग अह?" त्यांनी विचारलं.

"वर्किंग लाह," गार्गी म्हणाली. "राँग वे वर्किंग."

उरलेल्या वाट्या धुऊन परत द्यायच्या म्हणून ती काकूंच्या घरी गेली. हरलेल्या माणसाने निदान भांडी तरी घासून परत करावीत. काकू स्वयंपाकघरात चक्क्याचं फडकं पिळत होत्या. गार्गी सिंकपाशी उभी राहून वाट्यांना दुसऱ्यांदा साबण लावायला लागली.

"काका कुठे गेले?"

"ओंगला फोन करताहेत गॅलरीत. दहाचे साडेनऊ करतोय तो. तिकडे बघ, लिहूनच ठेवलंय त्यांनी, जसं काही लग्न आहे."

फ्रिजशेजारी भिंतीवर पुण्याहून येणारं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. एरवी गार्गी त्याच्याकडे बघायची नाही. तिच्या घरी तारीख फोनवर असायची. शनिवारच्या चौकोनाभोवती काकांनी लाल पेनाने गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'ग्रीस'. गार्गीने तो शब्द वाचला. मग गोलातला आकडा वाचला.

अठ्ठ्याण्णव.

तिने साबणाच्या हाताने केस मागे सारले आणि पुन्हा पाहिलं. नऊ, आठ. 98. शनिवार, अठ्ठ्याण्णव मार्च.

"काकू," ती म्हणाली, "उद्या किती तारीख?"

"चौदा की गं. का?"

गार्गी कॅलेंडरपाशी गेली. वरच्या ओळीपासून बोट ठेवत निघाली. पहिल्या चौकोनात नऊ. मग दोन. मग तीन. मग आठ. मग चार. तीननंतर आठ आणि आठनंतर चार.

मराठी तिला येत होतं. वाचायलाही येत होतं, फाडफाड, कारण शाळेत मातृभाषा म्हणून तिने हिंदी घेतलं होतं आणि अक्षरं तीच. पण हिंदीच्या पुस्तकात आकडे इंग्रजी छापलेले असतात. पान नंबर इंग्रजी, प्रश्न नंबर इंग्रजी. पहिलीपासून दहावीपर्यंत तिने देवनागरीत निबंध लिहिले होते आणि देवनागरीत एकही आकडा लिहिला नव्हता.

"काकू, हा कुठला आकडा आहे?"

"चार."

"आणि हा?"

"पाच. अगं, तुला आकडे नाही येत?"

गार्गी खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवरच. पद्माकरकाकांनी पाच ठोकलं होतं. तिने चार वाचलं होतं. त्यांनी चार ठोकलं होतं, तिने आठ वाचलं होतं. चारच्या थेंब्या तिने पुढे लावल्या होत्या आणि पाचच्या मागे. दोन आठवडे गाडी अगदी बरोबर चालली होती. जे सांगितलं होतं तेच ती करत होती, सहा आणि बारा, निम्मं आणि दुप्पट, एका नंबराचा फरक, पुस्तकात छापावं इतकं अचूक. आणि ती तिला खोटं ठरवत होती.

"काल मी काय म्हटलं होतं?" काकूंनी फडकं पातेल्यावर टांगलं. "पुढच्या मागे लाव आणि मागच्या पुढे लाव."

"हो."

"मग तू मला प्रेशर सांगितलंस."

"काकू, प्लीज."

"नाही, मी नुसती आठवण करून देतेय."

गॅलरीतून काका आत आले. गार्गीने खिशातली थेंबी, मघाशी खालून निघताना बघायला म्हणून मागून सोडवलेली, त्यांच्या हातावर ठेवली. "काका, यावर काय लिहिलंय वाचा."

काकांनी चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. थेंबी त्यांनी ट्यूबलाइटखाली धरली, लांब नेली, जवळ आणली. "पाच," ते म्हणाले. मग थेंबी फिरवून पुन्हा वाचली.

"तुम्ही एकदाही बघितलं नाहीत?" गार्गीचा आवाज चिरकला. "दोन आठवडे, काका. तुम्हाला तर येतात हे आकडे."

"तू आठ म्हणालीस. मी कशाला बघू? तू इतकं ठासून सांगतेस की माणसाला चष्मा लावायचं सुचत नाही."

"बघितलं असतंत तर..."

"आणि तू जरा कमी ठासलं असतंस तर," काका म्हणाले. "पद्याला मी काय काय बोललो." ते सोफ्यावर टेकले. "आता फोन तू कर. मी नाही करणार. मला लाज वाटते."

गार्गीने फोन लावला. स्पीकरवर ठेवला. कोल्हापुरात तेव्हा चार वाजले असतील, मागे लेथचा घरघराट होता.

"पद्माकरकाका, मी गार्गी. सिंगापूर."

"बोला. अजून काय आठ झालं?"

"पाचच आहेत, काका. मला मराठी आकडे वाचता येत नाहीत. मी पाचला चार वाचलं आणि चारला आठ. तुमची काही चूक नव्हती. सॉरी."

लेथ बंद झालं. गार्गीला वाटलं, हे ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आकडं येत न्हाईत," पद्माकर सावकाश म्हणाले, बहुतेक शेजारच्या कोणाला तरी. मग फोनमध्ये, "मग मोटार कशी दुरुस्त करतीस गं तू? अंदाजानं?"

"इंग्रजी आकडे येतात, काका."

"निश्या हाय का तिथं?"

"आहेत. ऐकताहेत."

"त्याला सांग, त्याला तर तिसरीत मीच पाढे म्हणून दाखवलेत. त्यालाबी येईनात व्हय आता?"

काका खोकले. "पद्या, माझा चष्मा डोक्यावर होता."

"डोकं खाली होतं का मग?" पद्माकर म्हणाले, आणि दोघंही एकदम हसायला लागले, म्हाताऱ्या माणसांचं ते खोकल्यासारखं हसणं, जे थांबतच नाही. गार्गीला त्यात सामील व्हायची परवानगी आहे की नाही ते कळेना, म्हणून ती उभी राहिली. "पोरी," शेवटी ते म्हणाले, "पुढल्या येळंपासून इंग्रजीत ठोकू का?"

"नको," गार्गी म्हणाली. "मी शिकते."

शनिवारी सकाळी सात वाजता ती कारपार्कात होती. आठही थेंब्या बदलायला तिला दोन तास लागले. प्रत्येक थेंबी ती काकांच्या हातात द्यायची, काका चष्मा लावून नंबर मोठ्याने वाचायचे, मगच ती बसवायची. ओंग अंकल साडेनऊला आले, बरोबर तोट्यांचा डबा, ग्रीसची पिचकारी आणि नळ्या कापायची कात्री. काकूंच्या वाट्या पुन्हा गाडीखाली होत्या. काकूंनी स्वतः आणून दिल्या होत्या, काही न बोलता, हे त्यांच्या मानाने फार होतं.

"पाच मिनिटं, अंकल," गार्गी म्हणाली आणि पेडल दाबलं.

ओंग अंकलनी कात्री खिशात घातली नाही. ते उकिडवे बसून वाट्यांकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी गार्गी गाडीखाली शिरली.

"पुढे बारा," तिने खालून सांगितलं. "अकरा. बारा. बारा. मागे सहा, सहा, पाच, सहा."

काकांनी स्टिअरिंग वळवलं. पहिल्यांदा कुरकुर झाली, दुसऱ्यांदा त्याहून कमी, चौथ्यांदा नुसता टायरचा सिमेंटवर घासल्याचा आवाज. काकांनी पाचव्यांदा वळवलं, गरज नसताना, आणि मग सहाव्यांदा.

ओंग अंकल उठले. वीस मिनिटांचं भाषण त्यांनी मागितलं नाही, तरी गार्गीने सात मिनिटांचं दिलं. त्यांनी टाकी पाहिली, नळ्यांवरून बोट फिरवलं. जुन्या लोकांनी हे केलं होतं, आणि आम्ही आयुष्यभर ग्रीसच भरत बसलो, असं काहीसं ते इंग्रजीत पुटपुटले आणि डबा उचलून गेले. यायचं भाडं मात्र त्यांनी घेतलं.

रविवारी काका आणि काकू गाडी घेऊन फिरून आले, आणि श्रीखंड झालं. ते कशात वाढलं हे काकूंनी कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी गार्गी शाळेतून आली तेव्हा काका वायपरखाली अडकवलेला कागद वाचत उभे होते. तिसरी चिठ्ठी. त्यांनी ती तिला दिली. लॉट नंबर अमुक. आधी मागच्या बाजूला डाग होते, आता पुढे आणि मागे मिळून आठ ठिकाणी आहेत. साफसफाई सोडून डाग वाढवले जात आहेत, याची नोंद घ्यावी.

"सिस्टिम नीट चालतेय याचा हा सरकारी पुरावा आहे," गार्गी म्हणाली. "जास्तीचं तेल खाली पडतंच, काका. शंभर वर्षांपूर्वी रस्ते मातीचे होते, कोणाला पर्वा नव्हती."

"मला आहे. मला इथे राहायचंय."

मग गार्गीने काकूंकडून बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि आठ चौकोन कापले, प्रत्येक सांध्याखाली एक. ते रोज बदलायला लागणार होते, आणि कोणता कुठला हे कळायला हवं होतं, म्हणून तिने जाड मार्कर घेतला आणि बोनेटवर टेकून नंबर टाकायला बसली. १. २. ३. मग मार्कर पुठ्ठ्यावर थांबला. काका शेजारीच उभे होते, चष्मा लावून, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. गार्गीने त्यांच्याकडे एकदा रागाने पाहिलं, आणि चार काढला.